डिझाइन प्रोजेक्टसाठी ड्रॉइंगची स्टाइल कशी शोधायची: एका भरिताच्या वांग्यावर सगळी प्रोसेस

सबमिशन जवळ आलं की अप्लाइड आर्टच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, दादा वारली घेऊ का मिनिमल घेऊ, का ते जुन्या काडेपेटीसारखं व्हिंटेज घेऊ, आणि सोबत पिंटरेस्टचे पाच-सहा स्क्रीनशॉट. माझं उत्तर दरवेळी एकच असतं. स्टाइल आधी निवडून ठेवायची आणि मग त्यात चित्र बसवायचं असं करू नका. तुम्ही काय काढताय, कशाने काढताय आणि ते शेवटी कशावर छापलं जाणारे, या तिघांची खेचाखेची होऊ द्या, त्यातून जे निघतं ती तुमची स्टाइल. आणि ही खेचाखेची नीट बघायची असेल तर वस्तू एकच ठेवायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खालचं सगळं या एका नियमावर चाललंय.

हवेत बोलण्यापेक्षा एक प्रोजेक्ट धरून चालू. समजा ब्रीफ, म्हणजे आपल्याला दिलेलं काम, असं आहे की जळगावकडच्या एका महिला बचत गटाच्या भरीत मसाल्याच्या पाकिटाला लेबल करायचंय, आणि त्याच सिरीजमध्ये हिवाळ्यातल्या भरीत पार्टीचं एक पोस्टर. खान्देशात राहून हा विषय कोणाला नवा नाही, म्हणूनच घेतला.

आधी पट्टी घ्या, पेन्सिल नंतर

ब्रीफ हातात आलं की पहिलं काम मोजमाप. पाउच साधारण १२ बाय १८ सेंटीमीटर धरा, त्यावर लेबल ८ बाय १०, आणि नाव, वजन, किंमत, पत्ता टाकून झाल्यावर चित्राला उरतात जेमतेम ५-६ सेंटीमीटर. पोस्टर ए३ म्हणजे २९.७ बाय ४२. म्हणजे तेच वांगं एकीकडे अंगठ्याएवढं दिसणार आणि दुसरीकडे खऱ्या वांग्यापेक्षा मोठं, आणि दोन्हीकडे ते एकाच घरातलं वाटलं पाहिजे. हे कागदावर लिहून समोर चिकटवा.

मग छपाईवाल्याला फोन करा, हो आत्ताच, ड्रॉइंग काढायच्या आधी. स्क्रीन प्रिंटिंग करणार असाल तर प्रत्येक रंगाला वेगळा स्क्रीन, म्हणजे जाळीची चौकट, लागतो, म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला, बचत गटाला दोन रंगच परवडतील. डिजिटल स्टिकर असेल तर रंगांचं बंधन नाही पण मोठ्या संख्येत नग महाग पडतो. खाकी क्राफ्ट कागदाचं पाउच असेल तर त्यावर हिरवा छापला की तो मळकट होतो, खालून पांढऱ्याचा थर द्यावा लागतो. या तीन उत्तरांनी तुमच्या अर्ध्या स्टाइल तिथेच बाद होतात, आणि ते चांगलंच आहे.

वांगं घरी आणा

नेटवर वांग्याचं चित्र शोधलं तर जांभळं चकचकीत वांगं येतं. आपलं भरिताचं वांगं तसं नसतंच. ते हिरवं असतं, त्यावर पांढरट रेघा आणि शिंतोडे, आकाराने दांडगं, आत बिया कमी. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं, आणि यावल तालुक्यातल्या बामणोदचं वांगं तर सगळ्यांना माहितीये. लेबलवर जांभळं वांगं काढलं तर खान्देशातला माणूस पाकीट हातात घेऊन परत ठेवून देईल. तेव्हा बाजारातून दोन-तीन वांगी आणा, एक देठासकट ताजं, एक अर्धं कापलेलं, एक भाजलेलं.

टेबलावर ठेवा आणि एकाच बाजूने लाइट मारा, खोलीतला ट्यूबलाइट बंद. चाळीसगावला जाणं जमलं तर केकी मूस यांचं घर बघून या, आता तिथे संग्रहालय आहे. ते (१९१२-१९८९) टेबलटॉप फोटोग्राफीसाठी ओळखले जातात, म्हणजे टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून, अख्खा देखावा उभा करायचा. लाइट दोन इंच सरकवला की वस्तूचा स्वभाव बदलतो हे तिथे डोळ्याने कळतं, क्लासमध्ये सांगून कळत नाही.

आता स्टाइल डोक्यातून काढून टाका आणि साधी ड्रॉइंग करा, पण वेगवेगळ्या कामाची. एक फक्त बाह्यरेषा, कागदाकडे न बघता, डोळा वांग्याच्या कडेवर आणि हात त्याच वेगाने. एक फक्त काळी सावली, म्हणजे आतलं काहीच नाही, सिल्हूट. एक फक्त उजेड-सावली, तीन टोनमध्ये, रेघ न वापरता. एक फक्त पोत, देठाचे काटे, त्या रेघा कुठून सुरू होऊन कुठे विरतात, भाजल्यावर साल कशी फुगते आणि फाटते. आणि एक कापलेल्या वांग्याचं. प्रत्येक प्रकारात दोन-तीन होऊ द्या.

सिल्हूटची एक टेस्ट लगेच करा. ते कोणालाही दाखवा, घरातलं नको, बाजारातलं दाखवा. अमळनेरच्या बाजारात माझ्यासोबतच्या एका ज्युनिअरने भाजीवाल्या मावशीला तिचं काळं सिल्हूट दाखवलं तर मावशी म्हणाली, "हाई वांगं शे का दुधी?" आणि मग तिनेच ढिगातलं एक वांगं उचललं आणि देठाच्या टोपीवर बोट ठेवलं. बरोबर होतं तिचं. वांगं ओळखू येतं ते पोटावरून नाही, देठाच्या त्या कातरलेल्या टोपीवरून. पोरीने टोपी थोडी मोठी केली, टोकं बाहेर वळवली, काम झालं. पुढे कुठलीही स्टाइल आली तरी ती टोपी हलवायची नाही हे तिथेच ठरलं. तुमच्या वस्तूची अशी एक न हलणारी खूण असते, ती आधी शोधा.

एका शीटवर सगळे बदल

ए३ कागदावर चौकोनांची जाळी आखा, प्रत्येक चौकोन ६ सेंटीमीटरचा, म्हणजे लेबलवरच्या खऱ्या साइजचा. वांगं सगळीकडे एकाच पोझमध्ये. पहिल्या ओळीत फक्त रेघ बदला, म्हणजे सगळीकडे सारखी बारीक, मग सारखी जाड, मग जाड-बारीक होत जाणारी, मग तुटक. दुसऱ्या ओळीत फक्त आकार बदला, खरा, मग लांबट ताणलेला, मग गोल-चौकोनात बसवलेला, मग कोपरे काढून धारदार केलेला. तिसऱ्यात पोत, त्या पांढऱ्या रेघा ठिपक्यांनी, मग आडव्या रेघांनी, मग रिकाम्या जागेने. चौथ्यात रंग, एक रंग, दोन रंग, कागदाचाच रंग वापरून.

हे कंटाळवाणं वाटतं मला माहितीये, पण याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. कारण एका वेळी चार गोष्टी बदलल्या तर चित्र चांगलं का दिसतंय ते कळतच नाही, सर विचारतात हे असं का केलं आणि तोंडातून निघतं, छान वाटलं म्हणून. जाळी केलेली असली की तुम्ही बोट ठेवून सांगू शकता, की आकार साधा केला तेव्हा जाड रेघ चालली आणि खऱ्या आकाराला ती जड झाली.

हत्यार बदला, स्टाइल आपोआप बदलते

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एकच पेन घेऊन दहा स्टाइल काढायचा प्रयत्न केला तर दहाही एकमेकांच्या बहिणी दिसतात. हात सवयीने चालतो, आणि सवय मोडायला हत्यार बदलणं हा सगळ्यात सोपा उपाय आहे, महागाचं काही लागत नाही.

कोळसा घरी करा. कपाशी वेचून झाली की शेतात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उभी असते, ती कोणीही देईल. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वाळलेल्या सरळ काड्या निवडा, साल काढा, पत्र्याच्या छोट्या डब्याच्या उंचीचे तुकडे करा आणि डबा गच्च भरा, सैल भरला तर काड्या वाकड्या होतात. झाकणाला खिळ्याने एक भोक पाडा. झाकण घट्ट लावून डबा चुलीच्या निखाऱ्यात ठेवा. भोकातून आधी पांढरा धूर येतो, तो भरपूर येतो म्हणून हे बाहेर अंगणातच करायचं. छोट्या डब्याला तासभर धरा, धूर थांबला की सांडशीने डबा बाहेर काढा आणि पूर्ण गार होईपर्यंत उघडू नका, गरम असताना हवा लागली की आतला कोळसा पेट घेतो आणि सगळी राख. गार झाल्यावर काडी दोन बोटांत मोडून बघा, काळी आतपर्यंत पोचली असेल तर कट्कन मोडते, मध्ये तपकिरी दिसलं तर पुन्हा चुलीत. याने काढलेली रेघ दुकानातल्या चारकोलपेक्षा थोडी खरखरीत येते, आणि भाजलेल्या वांग्याच्या सालीला ती इतकी शोभते की बस. भरिताचं वांगं आपण तुरीच्या नाहीतर कपाशीच्या काड्यांवरच भाजतो ना, त्याच काडीने त्याचं चित्र. ज्युरीसमोर सांगायला याहून चांगलं कारण कुठून आणणार? फक्त कोळसा पुसला जातो, तेव्हा वर फिक्सेटिव्ह, म्हणजे चित्र पक्कं करणारा स्प्रे, मारा, नसेल तर हेअरस्प्रे लांबून.

दुसरं हत्यार बोरू. बांबूची किंवा देवनळाची पेन्सिलीएवढी काडी, एका टोकाला साधारण तीन सेंटीमीटर तिरका काप, आतला गाभा खरवडून काढा, टोक चपटं आणि पातळ करा, मग टोकावर थोडा तिरका काप देऊन मधोमध एक सेंटीमीटरची चीर पाडा. चिरेतून शाई उतरते. ड्रॉइंग इंक घ्या, फाउंटन पेनची शाई पातळ पडते आणि पसरते. बोरूची गंमत अशी की जाड-बारीक तुम्ही ठरवत नाही, दिशा ठरवते, त्यामुळे वांग्याच्या पोटाची गोलाई स्वतःच एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक होते. आणि देवनागरी अक्षरं याच हत्याराने शतकानुशतकं लिहिली गेलीत, त्यामुळे चित्र आणि नाव दोन्ही एकाच बोरूने केलं तर ते जुळवत बसावं लागत नाही.

तिसरं कात्री. पोस्टर कलरने रंगवलेला कागद घ्यायचा आणि पेन्सिलीने न आखता थेट कापायचं. रेघच नाही म्हटल्यावर डोकं आकारात विचार करायला लागतं. दोन रंगांच्या स्क्रीन प्रिंटसाठी तर ही जवळपास तयार आर्टवर्कच आहे.

लिनोकटही करा, म्हणजे लिनोलियमच्या ब्लॉकवर कोरून छापायचं, वेळ असेल तर. एकच लक्षात ठेवा, छाप उलटा येतो, म्हणून अक्षरं ब्लॉकवर आरशातल्यासारखी कोरायची. बॉलपेन, ब्रश, खडू हे तुम्हाला माहितीच आहे.

दुसऱ्यांचं बघा, पण आता

पिंटरेस्ट आत्ता उघडा, आधी नाही. आणि त्याच्याही आधी तीन ठिकाणी बघा.

अजिंठा जळगावहून साठेक किलोमीटर. सोमवारी बंद असतं, फ्लॅश चालत नाही. लेणी १, २, १६ आणि १७ मध्ये चित्रं आहेत. फोटो कमी काढा, स्केचबुक न्या, आणि फक्त एक गोष्ट बघा, रेघ. मातीच्या गिलाव्यावर पांढरा थर देऊन, तो वाळल्यावर आधी रेघेने आकार घेतलाय, मग रंग भरलेत, मग शेवटी परत रेघ मारलीये. ती शेवटची रेघ बोटांकडे, पापण्यांकडे कशी सुटते ते बघून या. आणि रंग बघा, गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती, पांढरा, निळा सोडला तर जवळपास मिळणाऱ्या गोष्टी. पाच-सहा रंगांत एवढं उभं राहतं, तर आपल्या लेबलला दोन पुरतात.

दुसरे म्हणजे चित्रकार नंदलाल बोस. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. गांधीजींच्या सांगण्यावरून तिथली सजावट नंदलालांनी केली, बांबू आणि गावात मिळणारं साहित्य वापरून. नंतर १९३८ मध्ये हरिपुराच्या अधिवेशनासाठी त्यांनी पोस्टर केली, तेही तापीच्याच खोऱ्यात, फक्त गुजरातच्या हद्दीत. ती हरिपुरा पोस्टर नेटवर सहज सापडतात. शिकारी, वाजवणारा, सुतार, दळणारी बाई, विषय वेगळे पण सगळी एका हाताची. का? जाड वेगवान ब्रशची रेघ, सपाट रंग, थोडे ठरलेले रंग, आणि मागे कमानीसारखी चौकट. एवढे चार नियम, आणि त्यात सगळं गाव मावलं. आपल्याला हेच करायचंय.

तिसरं सातपुडा, आणि इथे जरा थांबून बोलतो. वारली आपल्या भागातली नाही, ती पालघरकडची. गावाकडचं प्रॉडक्ट दिसलं की वारलीची माणसं टाकायची ही सवय मोडा. नंदुरबारकडे अक्कलकुवा, धडगावला भिल्ल आणि पावरा समाज आहे, काठी गावच्या होळीत बुध्या म्हणून सजलेले पुरुष अंगभर पांढरी नक्षी काढून, मोरपिसांचे उंच टोप घालून नाचतात, ते एकदा बघाच. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडच्या भुरीबाईंना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या भिल्ल चित्रांतले ठिपके जगभर ओळखले जातात. पण ते ठिपके म्हणजे फिल्टर नव्हे. त्यांना त्या लोकांच्या देवाधर्माशी, घराशी नातं आहे. शिकायचं तर हे शिका की ठिपक्यांच्या ओळी आकाराच्या कडेने फिरून पोट कसं फुगवतात, आणि तुमच्या वांग्याच्या पांढऱ्या रेघांना ते लॉजिक लावून बघा. त्यांची चित्रं तशीच्या तशी उचलून मसाल्याच्या पाकिटावर लावणं चूक आहे. तशीच चित्रं हवी असतील तर त्या समाजातल्या चित्रकाराकडून काम करून घ्या, पैसे द्या, पाकिटावर नाव द्या.

झेरॉक्सची टेस्ट

आता तुमच्याकडे भिंतभर वांगी झालीत. त्यातली पाच-सहा निवडा आणि झेरॉक्सच्या दुकानात जा. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये, खऱ्या साइजला छोटी करून. इथेच बरीच मरतात, आणि कारण साधं गणित आहे. कागदावर २० सेंटीमीटरचं वांगं काढलं आणि लेबलवर ते ५ चं झालं म्हणजे २५ टक्के, मग ०.५ मिलिमीटरच्या पेनची रेघ ०.१२५ ची होते, आणि ०.१ च्या पेनने घातलेलं नाजूक क्रॉसहॅचिंग, म्हणजे एकमेकींवरून जाणाऱ्या रेघांची जाळी, तर दिसणारच नाही किंवा सगळं भरून काळा डाग होईल. म्हणून लेबलसाठी मूळ ड्रॉइंग खऱ्या साइजच्या दुपटीपेक्षा मोठं काढू नका. काळ्यातून पांढरी रेघ काढली असेल तर ती अजून जाड ठेवा, शाई दोन्हीकडून आत सरकते.

कापून पाउचवर चिकटवा, ओळखीच्या किराणा दुकानात विचारून बाकीच्या पाकिटांत ठेवा, आणि पाच-सहा फुटांवरून बघा, मग फोटो काढून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. वांगं दिसतंय का? नाव आधी दिसतंय का चित्र? बाजूच्या चकचकीत पाकिटात हे हरवतंय का उठतंय? घरच्या टेबलावर सगळंच छान दिसतं.

उरलेल्या दोन स्टाइलची खरी परीक्षा पुढे. त्याच नियमांनी केळीची फणी काढा, आणि एक माणूस काढा, चुलीपुढे वांगं उलटवणारी आजी. केळ वांग्यासारखं गोल नाही, कच्चं असताना त्याला कडा असतात आणि पिकताना त्या बुजतात, फणीत एकमेकांवर चढलेली असतात, तिथे तुमची रेघ गोंधळते का बघा. आणि हात. वांग्यावर फक्कड दिसणाऱ्या कितीतरी स्टाइल हाताच्या बोटांवर येऊन कोसळतात. जी स्टाइल आजीचा हात सांभाळते ती ठेवा, मग ती तुमची आवडती नसली तरी.

ठेवली की एका पानावर नियम लिहा. रेघ किती जाड, कोपरे गोल का धारदार, पोत कशाने दाखवायचा, रंग कोणते, आणि काय कधीच करायचं नाही. उदाहरणार्थ बोरूची रेघ, सावली नाही, पोत फक्त तुटक रेघांनी, काळा आणि एक हिरवा, ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी छटा, कधीच नाही. हे पान फायनल सबमिशनमध्ये लावा, सोबत बाद झालेल्या स्टाइलही लावा आणि प्रत्येकीखाली एका ओळीत लिहा ती का गेली. ज्युरी तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबते.

कॉम्प्युटरवर नेताना

स्कॅन करा, मोबाइलचा फोटो नको, नाइलाजच असेल तर दिवसाच्या उजेडात, सावली न पडता, कॅमेरा कागदाला समांतर धरून. रेघेचं काम ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, रंगाचं ३०० ला. इंकस्केप आणि क्रिता ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर फुकट आहेत. इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅप करताना, म्हणजे स्कॅनचं व्हेक्टर आकारात रूपांतर करताना, स्मूदिंग कमी ठेवा, नाहीतर बोरूची ती खरखरीत कडा गुळगुळीत होते आणि मग एवढा बोरू कापला कशाला? कोळशाच्या ड्रॉइंगला ट्रेस करूच नका, ते ग्रेस्केल इमेज म्हणूनच राहू द्या आणि पोस्टरला वापरा, लेबलच्या साइजला त्याचा पोत तसाही दिसत नाही. लेबलला बोरू, पोस्टरला कोळसा आणि बोरू दोन्ही, असा जोड मस्त जमतो.

नावाची अक्षरं चित्राच्या शेजारी ठेवून शिरोरेषेची जाडी आणि वांग्याची सगळ्यात जाड रेघ मोजा. दोन्ही जवळपास सारख्या निघाल्या पाहिजेत.

प्रेसला फाइल देताना रंग सीएमवायके (छपाईचे चार रंग), चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेघेबाहेर वाढवलेला रंग), अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टऐवजी आकारांत, बदललेली, कारण मराठी फॉन्ट दुसऱ्याच्या मशीनवर हमखास फुटतो आणि जोडाक्षरं सुटतात. स्क्रीन प्रिंट असेल तर काळा आणि हिरवा वेगवेगळ्या लेयरवर द्या, आणि पूर्ण लॉट छापायच्या आधी ज्या पाउचवर छापायचंय त्याच पाउचवर एक नमुना मागून घ्या. तो उन्हात नेऊन हिरवा बघा, हातात खरं वांगं धरून.